‘खंडाळा’ एवढेच लिहिलेले लेबल

निवृत्तीनंतरचे तीन पावसाळे मी एका जुन्या महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, एकाच प्रजातीची लेबले वाचण्यात घालवले. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक जातींचा गट, इंग्रजीत जीनस. या प्रजातीचे नाव सेरोपेजिया. मराठीत अलीकडे तिला कंदीलपुष्प म्हणतात. खेड्यापाड्यांत मात्र खरचुडी, हमण, खापरखुटी, पाताळतुंबडी अशी नावे चालतात, आणि त्यांतले कोणते नाव कोणत्या जातीला लागते याचा हिशेब गावागणिक बदलतो. काम सांगायला सोपे होते. वनस्पती चिकटवलेली शीट काढायची, तिच्या उजव्या कोपऱ्यातले लेबल वाचायचे, संग्राहकाचे नाव, क्रमांक, तारीख, ठिकाण आणि शेरा हे रकाने संगणकात भरायचे, ठिकाण नकाशावर शोधून अक्षांश-रेखांश द्यायचे आणि पुढची शीट घ्यायची.

कपाट उघडले की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि त्यापाठोपाठ जुन्या कागदाचा. संग्रह सांभाळणारे मामा पहिल्या दिवसापासून दारातच म्हणत, “मॅडम, हातमोजे.” जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून त्या मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत होती, आणि हे पाऱ्याचे विष पन्नास-साठ वर्षांनंतरही कागदावर असते. मी जन्मभर विद्यार्थ्यांना हर्बेरियम शिकवले, पण हातमोजे घालायला मला मामांनी शिकवले.

सेरोपेजियाची वाळलेली शीट पाहून कोणी तिच्या प्रेमात पडेल असे मला वाटत नाही. साधारण बेचाळीस सेंटिमीटर लांब आणि अठ्ठावीस रुंद अशा जाड कागदावर दोऱ्यासारखी एक वेल नागमोडी चिकटवलेली असते, काळपट पानांच्या चार जोड्या असतात आणि एखाद्या पेरापाशी तपकिरी रंगाचा चपटा डाग असतो. तो डाग म्हणजे फूल. जिवंतपणी हेच फूल सह्याद्रीतल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक असते. खाली फुगीर कुपी, तिच्यावर उभी नळी, आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या, ज्या वर उमलून पसरत नाहीत तर टोकांशी एकमेकींना चिकटून छोटा पिंजरा किंवा कंदील करतात. त्या पिंजऱ्याच्या फटींतून बारीक माश्या आत येतात, नळीच्या गुळगुळीत भिंतीवरून घसरतात आणि कुपीत पडतात. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येते, बाहेर येता येत नाही. पुढे केव्हातरी ते केस मलूल होतात, फूल कलते, आणि माशी तोंडाला परागपुंज अडकवून घेऊन सुटते. परागपुंज पकडण्याची ती चिमटी रुईच्या फुलात ज्यांनी भिंगाखाली पाहिली असेल त्यांना हा कारभार ओळखीचा वाटेल, कारण दोघी एकाच घरातल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीने तर यात कमालच केली आहे. तिच्या फुलाला जखमी मधमाशीसारखा वास येतो, आणि कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाश्यांचा रस चोरून पिणाऱ्या माश्या त्या वासाने तिच्याकडे धावतात.

यातले वनस्पती दाबून वाळवण्याच्या प्रेसमध्ये काहीच टिकत नाही. दोन टीपकागदांमध्ये दाबले की कंदील पापडासारखा होतो, नळीवरचे जांभळे ठिपके आणि हिरवट पांढरा रंग चार दिवसांत तपकिरी होतो. म्हणून जाणता संग्राहक एक-दोन फुले छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवतो आणि रंग ताबडतोब वहीत टिपतो. कंदाची गोष्ट याच्या उलट. पाने वाळून कागद झाली तरी कंद मरत नाही. न कापता, न उकळता दाबला तर प्रेसच्या अंधारातही तो फिकट कोंब काढतो. मी पहिल्यांदा असा कोंब पाहिला तेव्हा विद्यार्थिनी होते, आणि आमच्या सरांनी त्यावर एवढेच म्हटले होते, “तिला अजून कळलेले नाही की ती नमुना झाली आहे.”

तेव्हा वनस्पती जवळजवळ हरवलेली आणि लेबल उरलेले, अशी सेरोपेजियाच्या शीटची अवस्था असते. इतर प्रजातींच्या बाबतीत लेबल ही पुरवणी असेल. इथे तो निम्मा नमुना आहे. आणि लेबल माणसाने लिहिलेले असते.

गंमत अशी की या प्रजातीची कागदोपत्री सुरुवात शीटपासून झालीच नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये सेरोपेजिया हे नाव दिले, मेण आणि कारंजे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांना जोडून. त्याने दोन जाती नोंदवल्या, त्यांतली पहिली सेरोपेजिया कँडेलाब्रम. झुंबरासारखी दिसणारी ही मलबारची वेल त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्यासमोर होते ते ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथातले चित्र. सतराव्या शतकात डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडने कोचीनमध्ये स्थानिक वैद्यांच्या मदतीने सिद्ध केलेल्या या बारा खंडांत ती वेल मल्याळी नावासह आली आहे, आणि आजही त्या जातीचे नाव शेवटी त्या चित्रावर टेकते. ज्या फुलाचा आकार दाबून नाहीसा होतो त्याची पहिली अधिकृत साक्ष चित्राने द्यावी, यात मला न्याय दिसतो.

इंग्रजी अमदानीतल्या लेबलांकडे आले की भौगोलिक धुके सुरू होते. जॉन सदरलँड लॉ मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होता, जॉन एलर्टन स्टॉक्स हा डॉक्टर होता. दोघांनाही वनस्पती गोळा करण्याचा नाद. त्यांचे नमुने हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेले आणि त्यांनी ते छापील लेबले लावून निरनिराळ्या संग्रहांत वाटले. त्या लेबलांवरचा मजकूर मराठीत आणला तर असा होतो: ‘मलबार, कोकण इत्यादी, उष्ण प्रदेश, संग्राहक स्टॉक्स, लॉ इत्यादी’. एका लेबलावर दोन ‘इत्यादी’. कोणी गोळा केले हे निश्चित नाही आणि कुठे हेही नाही. कोकण म्हणजे तरी काय, तर त्या काळच्या साहेबी वापरात घाटमाथाही त्यात येई. लॉच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया लॉई ही जाती याच हूकरने १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. ती आज आपल्याला हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर भेटते, वेलीसारखी न चढता ताठ उभी राहणारी. गडावर रात्र काढलेल्या कोणालाही विचारा, हे कोकण आहे का म्हणून. पण कोकणकड्याच्या टोकावर उभे राहिले की खाली कोकण दिसते हेही खरे, आणि लॉच्या लेबलावर हसू येण्याआधी ते आठवते.

एक गोष्ट मी या तीन पावसाळ्यांत हळूहळू शिकले. ‘कोकण’ असे लिहिणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे ठाऊक होते किंवा जेवढे महत्त्वाचे वाटले तेवढे त्याने लिहिले. खोटेपणा आपण करतो, त्या शब्दाला दशांश चिन्हानंतरचे पाच आकडे लावताना. हा खोटेपणा मी स्वतः केला आहे, म्हणून सांगते.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक जुनी शीट हाती आली. शाई तपकिरी झालेली, अक्षर घाईचे. संग्राहकाचे आडनाव, क्रमांक, सप्टेंबरमधली तारीख, ‘झुडपांवर चढणारी, विरळ’ असा शेरा आणि ठिकाणाच्या रकान्यात एकच शब्द: खंडाळा. शीटवर मूळ लेबलाखेरीज ओळख पटवणाऱ्यांच्या तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. पहिली पेन्सिलीत, तिच्यावर फक्त प्रजातीचे नाव. दुसरीवर सेरोपेजिया विन्सीफोलिया, म्हणजे सदाफुलीसारख्या पानांची. तिसरीवर सेरोपेजिया इव्हान्सी आणि पुढे प्रश्नचिन्ह. हर्बेरियमचा एक शिष्टाचार मला फार आवडतो. नंतरचा तज्ज्ञ आधीच्याची चिठ्ठी काढून टाकत नाही, खोडत नाही. आपली चिठ्ठी तारखेसह शेजारी लावतो. वाद सगळा कागदावर राहतो आणि कोणाचा शब्द शेवटचा आहे हे कळत नाही.

मी खंडाळा हा शब्द संगणकात टाकला. यादीत जे पहिले आले ते निवडले, अक्षांश-रेखांश आपोआप भरले गेले, आणि मी पुढची शीट घेतली. त्या दिवशी चाळीस शीट झाल्या, याचा मला आनंद होता.

दीड महिन्याने एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती घाटमाथ्यावरच्या कंदीलपुष्पांवर प्रबंध लिहीत होती आणि आमच्या नोंदींतून तिने काही जुनी ठिकाणे निवडली होती. “मॅडम, खंडाळ्याच्या ठिपक्यावर जाऊन आले. दिवसभर फिरले. तिथे ती असेल असे वाटतच नाही.” का, म्हणून विचारले तर म्हणाली, “माळरान आहे, बोडके डोंगर आहेत, पाऊसही बेताचाच. बाभळी आणि ज्वारी.” तेव्हा मी ठिपका पुन्हा पाहिला. मी तिला सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला पाठवले होते, पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या, खंबाटकी घाटाजवळच्या. शीटवरचे खंडाळे कोणत्याही अंगाने पाहिले तरी बोरघाटाच्या माथ्यावरचे, लोणावळ्याशेजारचे असण्याची शक्यता जास्त होती. दोहोंत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आणि पावसात जमीन-अस्मानाचा फरक. फादर सांतापाव यांनी ज्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर आख्खा ग्रंथ लिहिला ते हेच बोरघाटाचे खंडाळे, आणि मी त्या ग्रंथाचे संदर्भ देत आयुष्यभर तास घेतले होते. माझ्या चुकीला सबब नव्हती. नकाशावर मात्र माझा ठिपका इतका आत्मविश्वासाने बसला होता की त्याच्यावर शंका घ्यायला त्या मुलीला बसचा प्रवास आणि एक पूर्ण दिवस खर्च करावा लागला.

‘शक्यता जास्त’ एवढ्यावर ठिपका हलवायचा नाही असे मी ठरवले. मग खरे काम सुरू झाले, आणि मला वाटते ते या सगळ्या उद्योगातले सर्वांत रसाळ काम आहे.

संग्राहक आपल्या नमुन्यांना सलग क्रमांक देतो. आज सकाळी एकशे दहा, दुपारी एकशे पंधरा, उद्या एकशे वीस. त्याची वही हाती असेल तर प्रश्नच नाही. पण वह्या हरवतात, वाळवी खाते, वारसदार रद्दीत घालतात. वही नसेल तर ती पुन्हा उभी करावी लागते, कारण क्रमांक सलग असले तरी शीट सलग नसतात. त्या कुलांप्रमाणे वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेल्या असतात. माझ्या वेलीच्या आधीचा क्रमांक गवतांत असू शकतो, पुढचा आमरींत, म्हणजे ऑर्किडांत. मामांना मी त्या संग्राहकाचे आडनाव आणि महिना सांगितला आणि आम्ही दोघे पावसाळ्यात फुलणारी कुले एकामागून एक उघडू लागलो. सीतेची आसवे, तेरडे, सोनकी, जमिनीवरच्या आमरी. मामांचे शिक्षण बेताचे, पण अक्षरांची ओळख त्यांना माझ्यापेक्षा चांगली. दुसऱ्या आठवड्यात एका तेरड्याच्या फोल्डरमधून त्यांनी एक शीट ओढली आणि माझ्यापुढे ठेवली. तेच अक्षर, तीच तपकिरी शाई, तीच तारीख, क्रमांक दोनने पुढचा. ठिकाण: ‘खंडाळा, नागफणीकडे जाणारी वाट’.

नागफणी म्हणजे साहेबांचे ड्यूक्स नोज. साताऱ्याच्या खंडाळ्याला नागफणी नाही. त्या दुपारी मामांनी कॅन्टीनमधून दोन चहा मागवले आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

तरीसुद्धा माझी वेल नागफणीच्या वाटेवरच होती असे म्हणता येत नाही. दोन क्रमांकांच्या मध्ये माणूस किती चालला असेल? त्याने दुपारी बंगल्यावर परतून मग मागच्या ओढ्याकाठी ती तोडली असेल. म्हणून अशा नोंदीत ठिपक्याबरोबर अनिश्चिततेची त्रिज्याही लिहितात: या बिंदूभोवती इतक्या किलोमीटरांच्या आत कुठेतरी. मी पाच लिहिले. माझ्या मते हर्बेरियमच्या संगणकीकरणात अक्षांश-रेखांशांपेक्षाही हा रकाना मोलाचा आहे, आणि सर्वांत जास्त वेळा रिकामा सोडला जातो तोही हाच. घाई करणाऱ्याला तो अडचणीचा वाटतो. मलाही वाटला होता.

असे खेळ खेळता खेळता लक्षात येते की शीटवरची तारीख आणि ठिकाण ही वनस्पतीइतकीच माणसाच्या दिनक्रमाची नोंद असते. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाई आणि पावसाळ्यात पुण्याला येई. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत महाबळेश्वरच्या रानांत फिरणाऱ्या हौशी अधिकाऱ्यांची कमतरता नव्हती. पण एप्रिल-मेमध्ये सेरोपेजिया जमिनीखाली कंद होऊन झोपलेली असते. ती उगवते पहिल्या पावसांनंतर, आणि फुलते बहुधा जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा महाबळेश्वरला धुक्यात हात पुढे केला तर दिसत नाही आणि साहेबांचे बिऱ्हाड खाली गेलेले असते. जुन्या संग्रहांत या प्रजातीचे नमुने कमी का, याचे निम्मे उत्तर मला या वेळापत्रकात दिसते. हा माझा तर्क आहे, पण ऑगस्टमध्ये घाटात एक दिवस काढलेला माणूस तो लगेच नाकारणार नाही.

मग जे नमुने आहेत ते कुठून आले? वाटेवरून. रस्त्याच्या कडेने, गडांच्या पायवाटांनी, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातून. उत्तर कानडातली सेरोपेजिया फँटॅस्टिका याचे उत्तम उदाहरण आहे. टी. आर. डी. बेल हे वनाधिकारी कारवारकडच्या जंगलांत वर्षानुवर्षे नोकरीनिमित्त हिंडले. मूळ नाद फुलपाखरांचा, पण वनस्पतीही गोळा करत. त्यांचे मित्र सेजविक आयसीएस अधिकारी. त्या मैत्रीतून ही जाती १९२१ मध्ये सेजविक यांनी प्रसिद्ध केली. पुढे ती गोव्यातही सापडली. एखाद्या वनाधिकाऱ्याची बदली वेळेवर झाली असती तर हे नाव कदाचित कोणा दुसऱ्याच्या लेखात आणि दुसऱ्याच दशकात आले असते.

यानंतरचा मोठा बहर स्वातंत्र्यानंतरचा. १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ पुण्यात सुरू झाले, आणि १९६० ते १९८० या काळात तिथल्या लोकांनी सह्याद्री पावसातच पालथा घातला. एम. वाय. अन्सारी हे या प्रजातीचे आपल्याकडचे खरे चरित्रकार; भारतातल्या सेरोपेजियांवरचा त्यांचा ग्रंथ १९८४ चा आहे. त्या काळातल्या नावांची नुसती यादी वाचली तरी एक कुटुंब डोळ्यांपुढे येते. १९५७ मध्ये या प्रजातीचा सर्वंकष आढावा घेणाऱ्या हूबरच्या नावाने हूबेरी, मुंबईच्या मॅककॅनच्या नावाने मॅककॅनी, फादर सांतापावांच्या नावाने सांतापावी, पुण्याच्या प्रा. महाबळे यांच्या नावाने महाबळेई, रोल्ला शेषगिरी राव यांच्या नावाने रोल्ली, आणि माणसांच्या गर्दीत एकटी डोंगराच्या नावाची सह्याद्रिका. जुन्नर, आंबा घाट, सिंहगड अशी मराठी गावे आणि गड लॅटिन वर्णनांच्या शेवटी येऊ लागले. २०११ च्या अखेरपर्यंत नवी जाती प्रसिद्ध करताना लॅटिनमध्ये वर्णन देणे सक्तीचे होते, त्यामुळे लॅटिनचा अर्धवट अभ्यास केलेली एक पिढीच पुण्यात तयार झाली, तिच्या व्याकरणाच्या गमती कधीतरी वेगळ्या लिहीन. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम पुढे नेले. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची अंजनेरिका २००६ मधली. भारतात आज पन्नासाहून अधिक जाती मानतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे घर पश्चिम घाट आहे.

या काळातली लेबले पाहिली की हायसे वाटते. उंची, खडकाचा प्रकार, कोणत्या झुडपावर चढली होती, फुलाच्या नळीचा रंग आत कोणता आणि बाहेर कोणता, एवढे सगळे सुवाच्य अक्षरात. एकाच वेळी तोडलेल्या रोपांच्या चार-सहा शीट करून त्या वेगवेगळ्या संग्रहांत पाठवत. ज्या एका शीटवर नव्या जातीचे नाव कायमचे टांगलेले असते ती बहुधा हावड्याला मध्यवर्ती संग्रहात, जुळ्या भावंडांपैकी काही पुण्यात. आमच्या महाविद्यालयात त्यातले काही नाही. आमच्याकडे आहेत त्या शिक्षकांनी सहलींत केलेल्या शीट. त्यांचे लेबल पुष्कळदा अर्धेच भरलेले, कारण परतीची एसटी गाठायची असे. एका गठ्ठ्यावर तर लेबलेच नव्हती. वेली अजून वर्तमानपत्रांच्या घडीत होत्या, कोणी चिकटवल्याच नव्हत्या. त्या घडीवरच्या मराठी दैनिकाची तारीख वाचून मी ‘या दिवसानंतर’ अशी नोंद केली. त्याच पानावर साखरेच्या कोट्याची बातमी होती आणि एका कंदिलाचा तपकिरी डाग बरोबर त्या मथळ्यावर उमटला होता.

नावांच्या उलथापालथीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो विषय निघाला की मामा वैतागतात. रुईचे जुने कुल आता कण्हेरीच्या कुलात विलीन झाले आहे, म्हणजे कपाट बदलणे आले. ते होते न होते तोच २०१७ मध्ये काही संशोधकांनी जनुकीय पुराव्यावरून मांडले की ब्रॅकिस्टेल्मा आणि तिच्या नात्यातल्या मांसल खोडांच्या कितीतरी प्रजाती सेरोपेजियाच्याच पोटात घालाव्यात. तसे केले तर सातशेहून अधिक जातींचा एक प्रचंड गोतावळा होतो. सगळ्यांनी ते स्वीकारलेले नाही. मामांनी मला विचारले, “मग आता परत फोल्डर बदलायचे?” मी म्हटले, थांबू या. शीटवरच्या वेलीला याचे काही सोयरसुतक नाही, आणि लेबलावरचे ठिकाण कोणत्याही नावाखाली खरेच राहते.

आता या उद्योगातला विरोधाभास. महिना खर्चून मी खंडाळ्याचा ठिपका नेमका केला आणि नोंद सर्वांसाठी खुली करण्याची वेळ आली तेव्हा तो पुन्हा पुसट केला. सेरोपेजियाच्या कित्येक जाती चार-दोन डोंगरांपुरत्या उरल्या आहेत. कंद गोड आणि खाण्यालायक, त्यामुळे गुराखी, साळिंदर आणि रानडुक्कर हे तिघे आधीपासून वाटेकरी आहेत. त्यात आता बागेसाठी कंद उपटणारे आले, आणि फोटोसाठी भोवतीचे गवत साफ करून पुढच्याला अँगल मोकळा ठेवणारेही. म्हणून दुर्मीळ जातींच्या उघड नोंदीत फक्त जिल्हा किंवा तालुका दाखवायचा आणि पूर्ण ठिकाण संग्रहालयाच्या आतल्या नोंदीत ठेवायचे, असा प्रघात आहे आणि तो मला पटतो. पण ज्या दिवशी मी पाच किलोमीटरांची ती कष्टाची त्रिज्या झाकून ‘पुणे जिल्हा’ असे लिहिले, त्या दिवशी मला त्या दोन ‘इत्यादीं’ची आठवण आली. दीडशे वर्षांनी आम्ही तेच करत होतो, फक्त आम्हाला ठिकाण ठाऊक होते.

ती विद्यार्थिनी पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा आली. या वेळी तिला शीट दाखवली, तेरड्याची शीट दाखवली, आणि तोंडी वाट सांगितली. ती दोन शनिवार-रविवार नागफणीच्या बाजूला हिंडली. कुठे कुठे पाहिले ते तिने नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलीने रेघा मारून आणले, खाली तारखा आणि तास लिहून. वेल मिळाली नव्हती. जुन्या वाटेच्या बऱ्याच भागावर आता बंगल्यांची कुंपणे आहेत, आणि जिथे झुडपे उरली आहेत तिथे ती यंदा नव्हती किंवा तिला दिसली नाही. झोपलेला कंद एखादे वर्ष वर न येताही राहू शकतो. यातले नेमके काय, हे त्या रेघांवरून सांगता येत नव्हते.

मी तिला म्हटले, याच्यावर सही कर. तिने केली. मामा शेजारी उभे होते. “मॅडम, हे कुठल्या कपाटात?” नमुना नाही, क्रमांक नाही, कुल नाही, संगणकातही ‘गेलो, पाहिले, नाही दिसले’ असा रकाना आमच्याकडे नाही. थोडा विचार करून मामांनीच एक खाकी लिफाफा आणला, नकाशा घडी करून त्यात घातला, आणि खंडाळ्याच्या शीटला डाव्या कोपऱ्यात, सुटी फुले ठेवण्याच्या पाकिटाशेजारी, तो बारीक टाके घालून शिवला.